धुळ्याला न्यायचे की जळगावला? विमा प्राधिकरण आणि आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : नेटवर्कबाहेरील रुग्णालयाच्या अनपेक्षित बिलापासून विमाधारक रुग्णाला संरक्षण मिळण्याबाबत

महोदय,

हे पत्र मी आपणा दोघांना एकत्र लिहीत आहे, कारण ज्या बिलाबद्दल मला बोलायचे आहे ते आपल्या दोघांच्या शेतांमधल्या बांधावर उगवते. विमा कंपनीने कसे वागावे हे हैदराबादहून ठरते आणि रुग्णालयाने कसे वागावे हे मुंबईहून ठरते. या दोघांचे एकमेकांशी पटले नाही तर फरकाचे पैसे कोणी भरायचे, हे मात्र कोठूनच ठरत नाही. ते रुग्णाच्या नातेवाइकाने काउंटरवर उभे राहून भरायचे असतात.

मी पारोळा तालुक्यातील एका गावात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. इंग्रजी वाचता येते एवढ्याच भांडवलावर गेली काही वर्षे गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या लोकांच्या मेडिक्लेमच्या फाइली माझ्याकडे येतात. मी त्यांचे फॉर्म भरतो, कंपनीकडून आलेल्या क्वेरींना म्हणजे शंकांना उत्तरे लिहितो, आणि कंपनीने पैसे का कापले हे त्यांना मराठीत समजावून सांगतो. पुढे लिहिलेले जवळपास सगळे त्या फाइलींतूनच आलेले आहे. त्यांतली एक फाइल माझ्या स्वतःच्या घरची आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे सारे गाव ज्यांना आप्पा म्हणते त्यांच्या, छातीत रात्री दोनच्या सुमारास कळा येऊ लागल्या. मुलाने गाडी काढली, महामार्गाला लागण्यापूर्वी फाट्यावर थांबला आणि मला फोन केला, ‘‘काका, कथा लई जाऊ? धुये का जयगाव?’’ पारोळा हे धुळे-जळगाव महामार्गावरचेच गाव असल्याने त्या फाट्यावरून एका अंगाला धुळे आहे आणि दुसऱ्या अंगाला जळगाव. धुळे जवळ पडते आणि जळगाव चांगलेच लांब. छातीत दुखणाऱ्या माणसाला जवळच्या ठिकाणी न्यावे, हे मी वर्गात मुलांना शिकवलेले होते. परंतु आप्पांची तीन लाखांची पॉलिसी होती, तिचा हप्ता ते न चुकता भरत होते, आणि एवढे भरून ऐन वेळी खिशातून पैसे घालावे लागू नयेत असे मला वाटले. मी अंथरुणात बसूनच कंपनीच्या संकेतस्थळावरची नेटवर्कमधील, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, रुग्णालयांची यादी उघडली. त्या यादीत जळगावच्या एका रुग्णालयाचे नाव होते, म्हणून मी जळगाव सांगितले.

त्या रुग्णालयाच्या दर्शनी भागावर ‘सर्व विमा कंपन्यांची कॅशलेस सुविधा उपलब्ध’, म्हणजे बिल कंपनी थेट रुग्णालयाला देईल, असा फलक होता. आत काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतले, संगणकात पाहिले आणि शांतपणे सांगितले, ‘‘या कंपनीचं आमच्याकडे बंद झालंय, पंधरा दिवस झाले. पन्नास हजार भरा, फाइल नंतर रिइम्बर्समेंटला टाका.’’ म्हणजे आधी खिशातून भरा आणि मग कंपनीकडून परत मागा. डॉक्टरांनी पैशांसाठी उपचार थांबवले नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करतो. आप्पांना तत्काळ आत घेतले गेले, पहाटे अँजिओप्लास्टी झाली आणि आज ते शेतात जातात. पन्नास हजार मात्र सकाळी दहापर्यंत हवे होते. भाव वाढेल या आशेने घरात आढ्यापर्यंत भरून ठेवलेला कापूस मुलाने उजाडताच खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला बोलावून, त्याने सांगितलेल्या भावात, मोजून दिला. अडलेल्या माणसाचा कापूस कोणत्या भावाने जातो हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

डिस्चार्जचे बिल २,३८,००० रुपयांचे झाले. फाइल पाठवली, दोन क्वेरी आल्या, त्यांतली एक अशा कागदासाठी होती जो पहिल्याच दिवशी जोडलेला होता, आणि अखेर ५४ दिवसांनी १,७१,४०० रुपये खात्यावर जमा झाले. उरलेल्या ६६,६०० रुपयांपैकी १४,२०० रुपये हातमोजे, सिरिंज आणि तत्सम वस्तूंचे होते आणि १०,९०० रुपये नोंदणी व प्रशासकीय शुल्काचे. त्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही, पॉलिसीच्या मागच्या पानावर ते बारीक अक्षरात का होईना पण लिहिलेले आहे. तक्रार आहे ती ४१,५०० रुपयांच्या कपातीबद्दल, जिच्यापुढे कंपनीने ‘वाजवी आणि प्रचलित दरापेक्षा अधिक’ एवढाच शेरा मारलेला आहे.

महोदय, या शेऱ्याचा अर्थ सरळ आहे. रुग्णालय नेटवर्कमध्ये असते तेव्हा प्रत्येक उपचाराचा दर कंपनी आणि रुग्णालय यांच्यात आधीच ठरलेला असतो. रुग्णालय नेटवर्कमधून बाहेर पडले की ते आपला खुला दर लावते, कंपनी आपल्या मापाने मोजते, आणि दोन मापांमधला फरक ज्याने यांपैकी एकही माप पाहिलेले नाही त्याच्या डोक्यावर येतो. आप्पांच्या हृदयात बसवलेल्या स्टेंटची किंमत या वादात कोठेही नाही, कारण स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे आणि ती रुग्णालयालाही ठाऊक असते व कंपनीलाही. वाद झाला तो उरलेल्या सगळ्यावर. जेथे दर आधी माहीत असतो तेथे भांडण होत नाही, हे एकाच बिलावर इतके स्पष्ट दिसत असताना त्याचा बोध मात्र कोणी घेतलेला नाही.

विमा प्राधिकरणाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय देण्याचे आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, आणि तीन तासांपुढील विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केल्यास ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसावी असेही म्हटले. ही तरतूद उत्तम आहे आणि तिच्यामुळे माझ्याकडच्या काही फाइली खरोखरच लवकर सुटल्या. पण हे घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाने कॅशलेसची विनंती पाठवल्यानंतर. रुग्णालयाने विनंती पाठवलीच नाही, तर एक तास नाही आणि तीन तासही नाहीत.

त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या प्रातिनिधिक संस्थेने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ची घोषणा केली. नेटवर्कमध्ये नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मिळेल, त्यासाठी ठरवून करायच्या उपचारांबाबत ४८ तास आधी आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावे, असे त्या वेळी सांगितले गेले. आप्पा दाखल झाले त्या दिवशी मी सकाळी आठ वाजताच कंपनीला कळवले. कंपनीने नियमाप्रमाणे होकारही दिला. रुग्णालयाने मात्र, ‘‘तुमचे पैसे कंपनीकडून कधी येतील याची आम्हाला खात्री नाही, आम्ही कॅशलेस करणार नाही,’’ असे स्वच्छ सांगितले, आणि त्यांनी तसे सांगू नये असा कोणताही नियम मला दाखवता आला नाही, कारण ही घोषणा विमा कंपन्यांची आहे आणि रुग्णालयावर तिचे बंधन नाही. रुग्णालयावर बंधन घालू शकते ते राज्य शासन. म्हणूनच पाकिटावर दोन पत्ते लिहावे लागले.

राज्य शासनाकडे साधने नाहीत असे नाही. रुग्णालयांची नोंदणी आणि नियमन करणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, येथे अजून १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. तथापि त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये ज्या सुधारणा झाल्या त्यांनी रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक केले. सनद मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, बहुधा पाण्याच्या कूलरच्या मागे. दरपत्रक क्वचित पाहिले. कोणत्या विमा कंपनीशी करार चालू आहे आणि कोणत्या कंपनीशी तो कोणत्या तारखेला संपला, हे सांगणारा फलक मात्र मी आजतागायत एकदाही पाहिलेला नाही, कारण तसा तो लावावा असे कोणी सांगितलेलेच नाही.

नेटवर्कमध्ये असलेल्या रुग्णालयातही सुटका होतेच असे नाही. अमळनेर तालुक्यातील एका भगिनीचे पिशवीचे ऑपरेशन ठरले होते. रुग्णालय यादीत होते, मंजुरी आदल्या दिवशीच आली होती, सगळे रीतसर होते. डिस्चार्जच्या वेळी तिच्या नवऱ्याच्या हातात औषध कंपनीने फुकट वाटलेल्या पॅडचे एक पान दिले गेले. त्यावर पेनाने ‘सर्जन १५, भूल ७’ एवढेच लिहिलेले होते. अर्थ असा की शस्त्रक्रियेला बाहेरून आलेल्या सर्जनचे पंधरा हजार आणि भूलतज्ज्ञांचे सात हजार वेगळे, आणि तेही रोख. आपल्याकडे तालुक्याच्या गावी हे नेहमीचे आहे. लहान रुग्णालयाला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाहीत, ते एका दिवसात तीन गावे करतात, काही तज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या वारी नाशिकहून येतात, आणि ते येतात म्हणून निदान गावाजवळ ऑपरेशन तरी होते. त्यांच्या फीबद्दल माझा आक्षेप नाही. पण कंपनीने मंजूर केलेल्या पॅकेजमध्ये सर्जन आणि भूल या दोन्ही गोष्टी आधीच धरलेल्या होत्या. म्हणजे बावीस हजार रुपये एकदा कंपनीकडून आले आणि एकदा त्या शेतमजुराकडून. ते पान मी दाव्याला जोडले. त्यावर ना शिक्का, ना नाव, ना तारीख, त्यामुळे ते फेटाळले गेले, आणि कंपनीच्या जागी मी असतो तर मीही फेटाळले असते.

रुग्णालयांचीही बाजू आहे आणि ती ऐकून न घेता हे पत्र पुरे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जळगावच्याच एका डॉक्टरांनी मला त्यांची येणी दाखवली. काही कंपन्यांकडची रक्कम महिनोन्महिने अडकलेली होती आणि करारातले दर वर्षानुवर्षे वाढलेले नव्हते. मोठ्या शहरातले रुग्णालय अशा वेळी कंपनीला डोळे वटारू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी रुग्णालयांच्या संघटनेने उत्तर भारतातील आपल्या सदस्यांना एका मोठ्या विमा कंपनीच्या ग्राहकांची कॅशलेस सेवा १ सप्टेंबरपासून थांबवण्यास सांगितले, तेव्हा देशभर बातमी झाली आणि दोन्ही बाजू बोलणी करायला बसल्या. पंचवीस खाटांच्या रुग्णालयाने करार सोडला तर बातमी होत नाही. यादीतले नावही तसेच राहते, आणि ते बंद असल्याचे कळते ते रात्री तीन वाजता, रुग्ण गाडीत असताना.

या भांडणातून रुग्णाला बाजूला काढता येते, हे इतरत्र करून दाखवलेले आहे. अमेरिकेत, जेथे वैद्यकीय बिलांचा जाच आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस अॅक्ट’ लागू झाला. तातडीच्या उपचारांत, तसेच नेटवर्कमधील रुग्णालयात नेटवर्कबाहेरच्या भूलतज्ज्ञाने किंवा अन्य डॉक्टराने काम केले तर, रुग्णाने नेटवर्कमध्ये जेवढे भरले असते तेवढेच भरायचे. उरलेल्या रकमेसाठी डॉक्टर आणि विमा कंपनी यांनी आपसात बोलावे आणि न जमल्यास स्वतंत्र लवादाकडे जावे. मला त्या कायद्यातली सर्वांत मोलाची वाटली ती यादीची तरतूद : कंपनीने आपली यादी किमान दर ९० दिवसांनी तपासायची, आणि चुकीच्या यादीवर विसंबून रुग्ण एखाद्या ठिकाणी गेला असेल तर त्याच्याकडून नेटवर्कच्या हिशेबानेच पैसे घ्यायचे. त्या कायद्यातही उणिवा आहेत. रस्त्यावरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेचे बिल त्यातून सुटले आणि लवादाकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रकरणे गेली. त्यांची विमा व्यवस्था आणि आपली यांत साम्यही थोडेच आहे. पण मी यादीवर विसंबून जळगाव सांगितले ती रात्र त्या एका तरतुदीत बसते.

आणि फार लांब जायलाही नको. करोनाच्या साथीत, २१ मे २०२० रोजी, महाराष्ट्र शासनानेच खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले : साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले गेले. अंमलबजावणीत त्रुटी होत्या, तरी दर काय असेल हे दाखल होताना ठाऊक असणे म्हणजे काय हे तेव्हा आम्ही अनुभवले. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने ५ मे २०२५ रोजी कॅशलेस उपचारांची जी योजना अधिसूचित केली, तीत सात दिवसांपर्यंत दीड लाखाची तरतूद आहे आणि नेमून न दिलेल्या रुग्णालयातही रुग्ण स्थिर होईपर्यंतचा उपचार धरलेला आहे. म्हणजे प्राण कंठाशी आलेल्या माणसाने आधी यादी पाहावी अशी अपेक्षा करता येत नाही, हे तत्त्व शासनाने मान्य केलेले आहे. महामार्गावर गाडी उलटली तर ते लागू होते आणि त्याच महामार्गावर गाडीत हृदयविकाराचा झटका आला तर होत नाही, यामागचे कारण मला तरी सापडलेले नाही.

राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा उल्लेख करायला हवा, कारण आमच्याकडे लोक आधी ‘योजनेत बसतं का?’ असेच विचारतात. ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आणि रुग्णालयात मार्गदर्शनाला आरोग्यमित्र ही तिची मोठी सोय आहे. आप्पांच्या रुग्णालयात योजना नव्हती, आणि ती जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे हे घरच्यांना तिसऱ्या दिवशी कळले. खासगी विमा असो वा शासकीय योजना, कोठे काय चालते हे ज्याला रात्रीच्या रात्री ठरवायचे असते त्याला ते सांगणारे एकही ठिकाण नाही.

म्हणून माझी मागणी आपणा दोघांनी मिळून पूर्ण करण्याची आहे. तातडीच्या प्रसंगी रुग्णालय यादीत असो वा नसो, विमाधारकाकडून अनामत न घेता कॅशलेसची विनंती पाठवणे रुग्णालयावर राज्य शासनाने बंधनकारक करावे, आणि त्या बदल्यात ते पैसे रुग्णालयाला ठरलेल्या दिवसांत मिळतील याची हमी प्राधिकरणाने कंपन्यांकडून घ्यावी. एकाशिवाय दुसरे केले तर ते टिकणार नाही. दरातील फरकाचा वाद कंपनी आणि रुग्णालय यांनी आपसात सोडवावा, ‘वाजवी आणि प्रचलित’ या शेऱ्याखाली तो रुग्णाकडे ढकलण्यास मनाई असावी. यादीवर ती शेवटची केव्हा तपासली याची तारीख असावी आणि यादी चुकीची निघाल्यास तो प्रवेश नेटवर्कमधलाच धरावा. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेत बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची फी रुग्णालयाच्या एकाच पावतीत यावी, आणि दाखल होण्यापूर्वी मराठीत एका पानावर, सहीशिक्क्यासह, रुग्णाने स्वतः किती भरायचे याचा अंदाज मिळावा. पान औषध कंपनीच्या पॅडचे असले तरी माझी हरकत नाही, फक्त त्यावर नाव आणि तारीख असावी.

तक्रारीची सोयही जवळ हवी. आमच्यासाठी विमा लोकपालाचे कार्यालय पुण्याला आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो, हे सारे चांगलेच आहे. पण लोकपाल रुग्णालयाला नोटीस काढू शकत नाहीत आणि जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणा विमा कंपनीला काढू शकत नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या माणसाने यांपैकी कोणाकडे जायचे हे समजावून सांगण्यातच माझा अर्धा दिवस जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत महिन्यातून एक दिवस, जिल्हाधिकारी कार्यालयात, लोकपालांचा प्रतिनिधी आणि जिल्हा शल्यचिकित्सक एका टेबलाशी बसले तरी यांतली बरीच प्रकरणे तेथल्या तेथे निकालात निघतील.

आप्पांच्या फाइलीच्या प्रती मी करून ठेवल्या आहेत : त्या रात्री २ वाजून २० मिनिटांनी घेतलेले यादीचे छायाचित्र, पन्नास हजारांची पावती, दोन्ही क्वेरी, ४१,५०० च्या कपातीचे पत्र. अमळनेरच्या भगिनीचे ते पानही तिच्या संमतीने त्यात आहे. आपल्यापैकी ज्या कार्यालयाला हा विषय आपला वाटेल त्या कार्यालयाने कळवावे, मी त्याच दिवशी पाठवून देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव